भास्कराचार्यांचे ऋण सहा आणि कॉम्प्युटरमधला पत्ता



सहावीच्या गणितात पूर्णांक संख्या सुरू झाल्या की मुलं हमखास विचारतात, उणे सहा म्हणजे नेमकं काय? सहा आंबे दाखवता येतात, सहा खडू दाखवता येतात, पण उणे सहा कसे दाखवायचे? आपण बहुतेक वेळा उधारीचं उदाहरण देतो. दुकानदाराचे सहा रुपये देणं आहे, म्हणजे उणे सहा. उदाहरण बरोबरच आहे. पण मुलांच्या मनात त्यामुळे एक गोष्ट घट्ट बसते, की ऋण संख्या म्हणजे काहीतरी कमी, काहीतरी वाईट. मग उत्तर ऋण आलं की मूल घाबरून ते खोडतं. आपलं चुकलंच असणार असं त्याला वाटतं.

आज ज्यांचं चरित्र आपण पाहणार आहोत त्यांनी एका गणितात ऋण उत्तर आनंदाने स्वीकारलं आणि दुसऱ्या गणितात ऋणामुळेच एक उत्तर नाकारलं. दोन्ही वेळा ते बरोबर होते. हे का, ते समजलं की आजच्या कॉम्प्युटरमधली एक अवघड वाटणारी गोष्टसुद्धा सोपी होते.

घराणं आणि बालपण

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ मध्ये झाला. हे साल कुणी नंतर अंदाजाने ठरवलेलं नाही, त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेलं विज्जडवीड हे आपलं गाव, शांडिल्य हे आपलं गोत्र आणि महेश्वर हे आपले वडील, असंही ते सांगतात. वडील ज्योतिषशास्त्राचे मोठे जाणकार होते आणि तेच त्यांचे गुरू होते. घरातच शाळा आणि वडीलच शिक्षक! त्यांच्या आजोबांचं नाव मनोरथ. या घराण्यात विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती.

त्या काळी ज्योतिष म्हणजे फक्त भविष्य नव्हे. सूर्य-चंद्र कुठे आहेत, ग्रहण कधी लागणार, तिथी कधी संपणार हे हिशेबाने काढणं म्हणजे ज्योतिष. त्यासाठी गणित पक्कं हवं. त्यांच्या आधी सुमारे पाचशे वर्षे, इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी धन आणि ऋण संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांचे नियम लिहिले होते. भास्कराचार्य त्याच परंपरेत वाढले.

छत्तिसाव्या वर्षी मोठा ग्रंथ

इ.स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावतीत अंकगणित आणि भूमिती आहे. बीजगणितात अज्ञात संख्या काढायच्या पद्धती आहेत. उरलेले दोन भाग आकाशाच्या गणिताचे.

बीजगणित भागात ऋण संख्या लिहायची पद्धत त्यांनी सांगितली आहे. आपण संख्येच्या डावीकडे आडवी रेघ काढतो. ते संख्येच्या डोक्यावर एक टिंब द्यायचे. टिंब नसेल तर संख्या धन, टिंब असेल तर ऋण. एवढं छोटं टिंब, पण संख्येचा अर्थ पूर्ण फिरतो. हे टिंब लक्षात ठेवा, पुढे कॉम्प्युटरमध्ये ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

त्रिकोणातले ऋण सहा

आता लीलावतीतलं गणित बघू. एका त्रिकोणाचा पाया ९, एक बाजू १० आणि दुसरी बाजू १७. वरच्या टोकापासून पायावर लंब टाकला तर पायाचे दोन तुकडे किती लांबीचे होतील? या तुकड्यांना ते आबाधा म्हणतात.

त्यांची रीत अशी. दोन बाजूंची बेरीज २७, वजाबाकी ७. यांचा गुणाकार १८९. त्याला पाया ९ ने भागलं की २१ येतात. हा दोन तुकड्यांमधला फरक. आता पाया अधिक २१, त्याचे निम्मे, म्हणजे १५. आणि पाया वजा २१, त्याचे निम्मे. पण ९ मधून २१ जातच नाहीत! इथे आपलं मूल पेन्सिल खाली ठेवतं. भास्कराचार्यांनी ठेवली नाही. त्यांनी २१ मधून ९ वजा केले, १२ चे निम्मे ६ घेतले आणि सांगितलं की हा तुकडा ऋण आहे, म्हणजे तो उलट दिशेला आहे.

वहीवर काढून बघा. ९ सेंटिमीटरचा पाया काढा. डाव्या टोकापासून १० सेंटिमीटर आणि उजव्या टोकापासून १७ सेंटिमीटर अंतराचे कंस काढून वरचा बिंदू मिळवा. तो बिंदू पायाच्या वर येतच नाही, तो डावीकडे बाहेर झुकलेला असतो. त्यावरून टाकलेला लंब पायाच्या बाहेर पडतो, डाव्या टोकापासून बरोबर ६ सेंटिमीटर पलीकडे. लंबाची उंची ८ येते आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटिमीटर. सगळं जुळतं.

म्हणजे इथे ऋण सहा ही उधारी नाही, तोटा नाही. लांबी सहाच आहे. फक्त ज्या टोकापासून आपण मोजायला सुरुवात केली, त्याच्या उलट बाजूला ती आहे.

गुहेतली माकडं

आता बीजगणितातलं दुसरं गणित. माकडांचा एक कळप आहे. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा केले आणि उरलेल्या संख्येचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. एक माकड फांदीवर दिसतंय. तर कळप किती?

या गणिताची दोन उत्तरं निघतात, ५० आणि ५. पन्नास घेऊन पडताळा करा. पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले ७, सातचा वर्ग ४९ आणि फांदीवरचं १, बरोबर ५०. आता पाच घेऊन करा. पाचवा भाग १, त्यातून ३ गेले उणे २, त्याचा वर्ग ४ आणि फांदीवरचं १, बरोबर ५. आकडेमोडीत दोन्ही खरे! पण भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर घेतलं नाही. एका माकडातून तीन माकडं वजा करता येत नाहीत. प्रत्यक्ष मोजायच्या वस्तू ऋण आहेत, हे लोकांना पटणार नाही असं कारण त्यांनी दिलं.

कुणी म्हणेल, त्यांना दोन उत्तरं आवडत नसतील. तसंही नाही. माकडांचंच आणखी एक गणित त्यांनी दिलं आहे. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी माकडं वनात खेळतायत आणि १२ टेकडीवर आहेत. त्याची उत्तरं ४८ आणि १६. इथे कुठेच ऋण आडवं येत नाही, म्हणून दोन्ही उत्तरं त्यांनी मान्य केली.

म्हणजे फरक संख्येत नव्हता, प्रश्नात होता. त्रिकोणाच्या पायाला दोन दिशा आहेत, म्हणून तिथे ऋणाला जागा होती. माकडांच्या मोजणीला दिशाच नाही. ती शून्यापासून सुरू होते आणि पुढेच जाते. म्हणून तिथे ऋणाला जागा नव्हती. ऋण संख्या चालेल की नाही, हे आपण कुठून मोजतोय आणि मागे जायला वाट आहे का, यावर ठरतं.

उज्जैनची रेषा आणि आपली परभणी

ग्रहांच्या गणितात तर त्यांना हा विचार रोजच करावा लागत असे. आज आपण रेखांश ग्रीनिचपासून मोजतो. त्या काळी आपल्याकडे उज्जैनवरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा मूळ धरत. ग्रहाचं स्थान आधी त्या रेषेसाठी काढायचं, मग आपल्या गावासाठी त्यात थोडा फरक करायचा. या फरकाला देशांतर संस्कार म्हणतात. गाव रेषेच्या पूर्वेला असेल तर फरक ऋण आणि पश्चिमेला असेल तर धन.

असं का? पूर्वेकडे सूर्य आधी उगवतो. आपली परभणी उज्जैनच्या साधारण १ अंश पूर्वेला आहे. त्यामुळे रेखांशाचा विचार करता आपला सूर्योदय सुमारे ४ मिनिटं, म्हणजे जुन्या मापात १० पळं आधी होतो. चार मिनिटं आधी चंद्र थोडा मागेच असणार, सुमारे २ कला. म्हणून परभणीसाठी तेवढं वजा करायचं. याउलट चाळीसगावजवळचं पाटण उज्जैनच्या पश्चिमेला येतं. त्याच्यासाठी मिळवायचं. मूळ रेषा एकच. तिच्यापासून एक गाव ऋण बाजूला, दुसरं धन बाजूला. आता परभणीला ऋण म्हटलं म्हणून परभणी काही कमी झाली का? नाही ना!

हेच कॉम्प्युटरमध्ये कसं चालतं?

कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे एका ओळीत बांधलेली घरं समजा. प्रत्येक घराला क्रमांक आहे, तोच त्याचा पत्ता. दर वेळी पूर्ण पत्ता लिहायला जागा जास्त लागते. म्हणून प्रोसेसर एक मूळ पत्ता धरतो आणि आज्ञेमध्ये फक्त तिथून किती घरं सरकायचं तेवढं लिहिलेलं असतं. या सरकण्याच्या आकड्याला ऑफसेट म्हणतात. मूळ पत्ता १०००, ऑफसेट ६, तर घर १००६. पत्ता काढायच्या अशा वेगवेगळ्या रीतींना ॲड्रेसिंग मोड हे नाव आहे. उज्जैन अधिक देशांतर, तसा मूळ पत्ता अधिक ऑफसेट.

आता प्रश्न येतो मागे जाण्याचा. एखादं काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर प्रोसेसरला आधीच्या आज्ञेकडे परत जावं लागतं, म्हणजे ऑफसेट ऋण हवा. पण कॉम्प्युटरकडे रेघ नाही आणि टिंबही नाही. त्याच्याकडे फक्त ० आणि १. आठ खाने असतील, म्हणजे ८ बिट, तर एकूण २५६ वेगवेगळ्या मांडण्या होतात. त्या कशा वापरायच्या हे आधी ठरवावं लागतं.

एक रीत म्हणजे अनसाइन्ड. सगळ्या मांडण्या पुढे जाण्यासाठी, ० ते २५५. दुसरी रीत म्हणजे साइन्ड. पहिला बिट १ असेल तर संख्या ऋण, आणि मग पल्ला होतो उणे १२८ ते अधिक १२७. भास्कराचार्यांचं टिंब इथे पहिल्या बिटात येऊन बसलं असं म्हणता येईल. फक्त एक फरक आहे. टिंब नुसतं दिशा सांगतं, तर इथे पहिल्या बिटाची किंमतच उणे १२८ धरतात.

उदाहरण घेऊ. मांडणी आहे १११११०१०. डावीकडून एकेक खाना वाचा: आधी पाच वेळा १, मग ०, मग १, मग ०. खान्यांच्या किमती डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. अनसाइन्ड वाचलं तर १२८ + ६४ + ३२ + १६ + ८ + २ = २५०. साइन्ड वाचलं तर पहिला १२८ ऋण होतो, उरलेल्यांची बेरीज १२२, आणि उत्तर येतं उणे ६. तेच आपले त्रिकोणातले ऋण सहा!

मांडणी एकच, पण मूळ पत्ता १००० असेल तर एक वाचणारा ९९४ नंबरच्या घरी जाईल आणि दुसरा १२५० नंबरच्या. लिहिणाऱ्याने एक रीत धरली आणि वाचणाऱ्याने दुसरी, तर २५६ घरांची चूक होते. प्रोसेसर भलत्याच घरातली माहिती उचलतो आणि प्रोग्रॅम बिघडतो. ८ बिटांचा ऑफसेट १६ बिटांत न्यायचा असेल तेव्हाही हीच काळजी घ्यावी लागते. साइन्ड असेल तर डावीकडचे नवे खाने पहिल्या बिटासारखेच, म्हणजे १ ने भरायचे, तरच उणे ६ हे उणे ६ राहतात. शून्यांनी भरले तर त्याचे २५० होतात.

प्रत्यक्षात दोन्ही रीती वापरल्या गेल्या आहेत. १९६४ साली आलेल्या आयबीएमच्या सिस्टिम ३६० मध्ये ऑफसेट १२ बिटांचा आणि अनसाइन्ड होता. पल्ला ० ते ४०९५, फक्त पुढे. त्याच घराण्यातल्या यंत्रांत पुढे २००३ साली २० बिटांचा साइन्ड ऑफसेट आला आणि मागेही जाता येऊ लागलं. आजच्या रिस्क-फाइव्ह या रचनेतही ऑफसेट १२ बिटांचा आहे, पण साइन्ड, त्यामुळे पल्ला उणे २०४८ ते अधिक २०४७. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे आपले भारतीय प्रोसेसर याच रचनेवर आहेत. १९७५ च्या ६५०२ या छोट्या प्रोसेसरमध्ये तर दोन्ही रीती एकत्र नांदत होत्या. आज्ञांमध्ये उडी मारताना ऑफसेट साइन्ड, कारण तिथे पुढे-मागे दोन्ही जावं लागतं. यादीतल्या घरांचा क्रमांक मोजताना मात्र अनसाइन्ड, कारण यादी पहिल्या घरापासून पुढेच जाते. एका ठिकाणी त्रिकोणाचा पाया, दुसऱ्या ठिकाणी माकडांचा कळप!

उतारवय आणि पुढच्या पिढ्या

भास्कराचार्य आयुष्यभर काम करत राहिले. इ.स. ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ रचला. पंचांग करणाऱ्यांना हिशेब सोपा जावा म्हणून हा लहान ग्रंथ होता. मोठा ग्रंथ लिहिणारा माणूस उतारवयात सोपं पुस्तक लिहायला बसतो, हे आपण शिक्षकांनी लक्षात घेण्यासारखं आहे.

त्यांचा मुलगा लक्ष्मीधर हाही विद्वान होता. देवगिरीचा यादव राजा जैत्रपाल याने त्याला आपल्या दरबारी नेलं. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. त्याने पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तेव्हाचा शिलालेख पाटणला आहे. त्यात संस्कृतबरोबर जुन्या मराठीतलाही मजकूर आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांसमोर आणला. परभणीहून छत्रपती संभाजीनगर, मग कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव, अशा वाटेने तिथे जाता येतं. सहलीसाठी जरूर विचार करा.

लीलावती पुढे दूरवर गेली. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये तिचं फारसी भाषांतर केलं. १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी लीलावती आणि बीजगणित इंग्रजीत आणलं. १९७९ आणि १९८१ मध्ये अवकाशात गेलेल्या भारताच्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव दिलं गेलं.

पाथरीचे सूर्यदास

आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. सोळाव्या शतकात गोदावरीकाठच्या पार्थपुरात ज्ञानराज नावाचे ज्योतिषी होते. पार्थपूर म्हणजे आपली पाथरी, असं अभ्यासक मानतात. ज्ञानराजांचे चिरंजीव सूर्यदास यांनी १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या बीजगणितावर आणि १५४१ मध्ये लीलावतीवर टीका लिहिली. म्हणजे ऋण सहाचा हा धडा जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वी आपल्या पाथरीत शिकवला गेला असणार.

याच सूर्यदासांनी रामकृष्णविलोमकाव्य नावाचं एक नवलाचं काव्यही रचलं. त्यातल्या ओळी सरळ वाचल्या की रामाची कथा आणि उलट वाचल्या की कृष्णाची कथा. अक्षरं तीच, वाचायची दिशा वेगळी! भास्कराचार्यांची टिंबं समजावून सांगणाऱ्या माणसाला हे सुचावं, यात फार आश्चर्य वाटत नाही.

वर्गात काय करता येईल?

पटांगणात मुलांना एका ओळीत उभं करा. मधल्या मुलाच्या हातात झेंडा द्या, तो मूळ पत्ता. मग आकडे सांगा: अधिक ४, उणे ३. त्या जागेवरच्या मुलाने हात वर करायचा. थोड्या वेळाने झेंडा पहिल्या मुलाकडे द्या आणि पुन्हा उणे ३ सांगा. तिथे कुणीच नाही! असं का झालं यावर मुलांनाच बोलू द्या. संख्या तीच होती, झेंड्याची जागा बदलली, हे त्यांच्या तोंडून येईल.

घरी सोडवायला दोन गणितं देते आहे असं समजा. पहिलं: त्रिकोणाचा पाया ११, बाजू १३ आणि २०. पायाचे तुकडे काढा. उत्तर १६ आणि ऋण ५, लंब १२, क्षेत्रफळ ६६. दुसरं: आठ खान्यांत आधी सहा वेळा १ आणि शेवटी दोन शून्य आहेत. ही संख्या दोन्ही रीतींनी वाचा. उत्तर अनसाइन्ड २५२, साइन्ड उणे ४.

पालकांनाही एक विनंती. मुलाच्या वहीत ऋण उत्तर दिसलं तर लगेच चूक म्हणू नका. कुठून मोजलं आणि तिथून मागे जाता येतं का, एवढं त्याला विचारा. मागे वाट असेल तर उत्तर राहू द्या. वाट नसेल तर का खोडायचं हे त्यालाच सांगू द्या.